घाट चढून थांबलं की गाडीत जळक्या ऑइलचा वास: कुठून तपासायला लागावं आणि कुठे हात थांबवावा

आधी लक्षणं जुळतात का ते बघा.

हायवेला गाडी पळत असते तोवर काही जाणवत नाही. टोलच्या रांगेत किंवा सिग्नलला मिनिटभर उभी राहिली की एसीच्या जाळीतून जळक्या तेलाचा वास आत येतो. सकाळी गार इंजिनाला वास नसतो, वीस-पंचवीस मिनिटं चालल्यावर सुरू होतो. घाट चढून आल्यावर सगळ्यात जास्त. थांबून बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या मागच्या अंगाला, काचेकडे, निळसर पांढऱ्या धुराची बारीक रेघ दिसते आणि दोन-तीन मिनिटांत विरून जाते. सायलेन्सरमधून मात्र धूर नसतो. ऑइल मोजायच्या पट्टीवर पातळी दोन-तीन महिन्यांत थोडी खाली आलेली असते. सर्व्हिसिंगला दिली की इंजिन धुऊन येतं, पंधरा दिवस बरे जातात आणि वास परत येतो.

यातली तीन-चार लक्षणं तुमच्या गाडीला लागू पडत असतील, तर ऑइल बहुधा इंजिनाच्या आत जळत नाहीये. ते कुठून तरी बाहेर झिरपतंय आणि तापलेल्या लोखंडावर पडून जळतंय. हा फरक फार मोठा आहे. आत जळत असेल तर रिंग-पिस्टनचं मोठं काम निघतं. बाहेर झिरपत असेल तर बऱ्याच वेळा एका रबरी पॅकिंगवर आणि एका पाइपवर भागतं.

माझं गॅरेज वाईत आहे. पुण्याकडून येणारी गाडी खंबाटकी घाट चढते, सुरूरला वळून वाईत येते आणि पुढे पाचगणीसाठी पसरणी घाट असतो. मंडळी मधे चहा-नाश्त्याला थांबतात, दार उघडून उतरतात आणि तेव्हा वास जाणवतो. गाडी बहुतेक वेळा डिझेलवरची सात सीटर, आत घरातली सात माणसं, टपावर बॅगा, एसी फुल. हा एकच बिघाड मी इतक्या वेळा काढलाय की कोणत्या क्रमाने शोधायचा ते हाताला बसलंय. तोच क्रम इथे देतो, बिनखर्चाच्या गोष्टींपासून.

घाटातच का, हे आधी समजून घ्या. इंजिन ऑइलची वाफ साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअसला पेट घेण्याइतकी होते आणि धूर त्याआधीच निघायला लागतो. भरल्या गाडीने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा लोखंडी भाग, ४०० अंशांच्या वर सहज जातो. त्यावर ऑइलचा एक थेंब पडला तरी चर्र होतं. गाडी पळताना वारा तो धूर खालून मागे नेतो. थांबली की धूर सरळ वर चढतो आणि वायपरच्या खालच्या जाळीपाशी येतो. एसीची बाहेरची हवा तिथूनच आत ओढली जाते. म्हणून वास थांबल्यावर येतो.

वास ऑइलचाच आहे का?

ही तपासणी नाकाने करायची, पण घाई करू नका. मी स्वतः दोनदा ऑइलच्या मागे लागलो होतो आणि निघालं भलतंच.

चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवली असेल तर क्लच प्लेटचा वास येतो, पुठ्ठा जळल्यासारखा कोरडा. ब्रेकचा वास उतारानंतर येतो आणि चाकापाशी वाकलं की तिथे जास्त असतो. कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) गळत असेल तर वास गोडसर असतो आणि कधी काचेला आतून चिकट वाफ धरते. सायलेन्सरला चिकटलेली प्लास्टिकची पिशवी आठवडाभर वास देते, त्यामुळे टॉर्च घेऊन एकदा खाली जरूर बघा. पावसाळ्यात उंदीर इंजिनावर चिंध्या, गवत आणून ठेवतात, तेही जळतं.

वायरिंगचा वास मात्र वेगळा ओळखा. जळक्या प्लास्टिकचा, नाकाला झोंबणारा असेल तर पुढची एकही तपासणी करू नका. गाडी बाजूला घ्या, बंद करा, माणसं उतरवा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत आणखी एक गोष्ट असते. सायलेन्सरच्या वाटेवरच्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी गाडी स्वतःच अधूनमधून जाळून टाकते. त्या वेळी उभ्या गाडीचा आरपीएम थोडा चढलेला असतो, बंद केल्यावरही फॅन जोरात फिरत राहतो आणि गरम, करपट वास येतो. हा बिघाड नाही. ते काम पुरं होऊ द्यायचं, मधेच गाडी बंद करायची नाही. वारंवार बंद केली तर न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पट्टीवरची पातळी वाढते. वाढलेली दिसली तर ऑइल बदलावंच लागतं.

पट्टी बघा

सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, पट्टी काढून पुसायची, परत घालून काढायची. दोन खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचा फरक असतो. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर आधी ऑइल घाला, शोध नंतर.

वरच्या खुणेच्या वर असेल तर तेही तितकंच वाईट. कॅन आणलाय तर संपवूनच टाकू, असं होतं. जास्तीचं ऑइल क्रँकच्या (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) फटकाऱ्याने फेसाळतं, आतला दाब वाढतो आणि ते ब्रीदरमधून (आतला गॅस बाहेर काढणाऱ्या नळीतून), सीलमधून बाहेर यायला लागतं. अशा गाडीचं जादा ऑइल काढल्यावर, दुसरं काहीही न करता, वास गेलेला मी पाहिलाय.

नुकतीच सर्व्हिसिंग झाली आहे का?

झाली असेल तर तीन जागा बघा. पहिली ऑइल भरायचं झाकण. त्याची रबरी रिंग कडक झालेली असते किंवा झाकण अर्धवट बसलेलं असतं. रिंग अगदी थोडक्या पैशात मिळते. दुसरी चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइल टाकीच्या, ड्रेन नटचा वॉशर. तो दर वेळी नवा घालायचा असतो, कारण तो एकदाच दबून जागा धरतो. तिसरी ऑइल फिल्टर. जुना फिल्टर काढताना त्याची रबर रिंग कधी इंजिनालाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला जातो. दोन रिंगा एकावर एक आल्या की ऑइल थोडंथोडकं नाही, धारेने येतं. असं दिसलं तर गाडी जागची हलवू नका.

हे तिन्ही ठीक असेल तर इंजिनाखालचं कव्हर बघा. फिल्टर काढताना सांडलेलं ऑइल त्या कव्हरमध्ये साचून राहतं आणि शे-दोनशे किलोमीटर वास देतं. पुसून काढलं की संपलं.

एसीचं बटण

आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. वास मिनिटभरात कमी झाला तर तो बाहेरून, बहुधा इंजिनाकडून येतोय. काम होईपर्यंत प्रवासात एवढा आधार पुरतो. पण वासाबरोबर डोकं जड होत असेल, डोळे चुरचुरत असतील, तर एक्झॉस्टचा गॅस आत येत असण्याची शक्यता आहे. तेव्हा बटणावर विसंबू नका, काचा उघडा आणि गाडी दाखवा. मागे लहान मूल झोपलेलं असतं, ते सांगू शकत नाही.

धुवा, पावडर मारा, मग शोधा

लोक ही पायरी गाळतात आणि तिथेच पैसे वाया जातात. ऑइल खाली ओघळतं आणि वारा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे ओलं दिसतं ते चेंबर, आणि बदललं जातं चेंबरचं पॅकिंग. गळती मात्र वर असते. जुन्या, काळ्या, धूळ बसलेल्या थरावर नवा ओघळ ओळखता येत नाही.

इंजिन पूर्ण गार असताना डिग्रीजर मारा, ब्रशने घासा, कापडाने पुसा. पेट्रोल वापरू नका. अल्टरनेटर, एअर फिल्टरचं तोंड आणि वायरिंगच्या जोडण्यांवर प्लास्टिक बांधा. प्रेशरच्या पाण्याची धार तिथे मारली तर वासाचं काम करता करता वायरिंगचं काम निघतं. नीट वाळू द्या.

मग घरातली टाल्कम पावडर घ्या. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या कव्हरच्या) कडेने, ऑइल भरायच्या झाकणाभोवती, फिल्टरभोवती, टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) ऑइल पाइपच्या जोडापाशी हलकी भुरभुरा. बेल्टवर आणि एअर फिल्टरच्या तोंडात जाणार नाही एवढं सांभाळा. पंचवीस-तीस किलोमीटर चालवा, त्यात थोडा चढ असू द्या. गार झाल्यावर टॉर्च मारा. पांढऱ्या पावडरवर गळतीची काळसर, ओली रेघ स्पष्ट दिसते. ती जिथून सुरू होते, ते सगळ्यात वरचं ओलं टोक म्हणजे गळतीची जागा. खालचं सगळं त्याचंच ओघळलेलं.

मागच्या कोपऱ्यात डोकं जात नाही, म्हणून मोबाइलचा कॅमेरा आत घालून व्हिडिओ काढा. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला तर थेंब कुठे पडतो तेही कळतं. मात्र घाटातच येणाऱ्या वासात पुठ्ठा पुष्कळदा कोरडा निघतो, कारण थेंब खाली पोचायच्या आत मॅनिफोल्डवरच जळालेला असतो. कोरडा पुठ्ठा बघून निश्चिंत होऊ नका.

ब्रीदर: बिघाड परत परत का येतो याचं उत्तर

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच, नव्या इंजिनातही. तो बाहेर पडावा म्हणून टॅपेट कव्हरपासून हवेच्या पाइपपर्यंत एक ब्रीदर नळी असते. तिच्यात काळा चिकट गाळ बसला, नळी कडक होऊन चेपली, किंवा आतला पडदा फाटून वाट अडली, की आतला दाब वाढतो. मग तो दाब सगळ्यात अशक्त जागा शोधतो आणि ती बहुधा टॅपेट कव्हरचं पॅकिंग असते.

काही वर्षांपूर्वी एका गाडीचं पॅकिंग मी बदललं. काम स्वच्छ होतं, घाट चढवून बघितली, वास नव्हता. दोन महिन्यांनी ती माणसं परत आली, त्याच कोपऱ्यातून ऑइल. पाठीमागे बसलेल्या आजींना त्या वासाने मळमळून आलं होतं, रस्त्यात दोनदा थांबावं लागलं होतं. मला फार वाईट वाटलं. या वेळी ब्रीदरची नळी काढून तिच्यात फुंकर मारली तर हवा पलीकडे जाईना. बोटभर जाडीच्या नळीत काडीएवढं भोक उरलं होतं. चूक माझी होती. मी फुटलेली जागा शिवली होती, ती कशामुळे फुटली ते बघितलं नव्हतं. तेव्हापासून ब्रीदर बघितल्याशिवाय मी पॅकिंग बदलत नाही.

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि भोकावर नुसतं ठेवा. पेट्रोल गाडीत ते किंचित ओढल्यासारखं होतं. डिझेलमध्ये थोडं थरथरतं, हलका धूर दिसतो, तेवढं चालतं. झाकण उडायला लागलं किंवा धुराचा लोट फकफक बाहेर यायला लागला तर दाब जास्त आहे. नळी काढून साफ करा, कडक झाली असेल तर नवी घाला. साफ केल्यावरही झाकण उडतंच असेल तर रिंगा किंवा बोअर झिजलेले असू शकतात. मग पॅकिंगवर पैसे घालू नका, कॉम्प्रेशन तपासून घ्या. काही गाड्यांत ब्रीदरचा पडदा टॅपेट कव्हरमध्येच असतो आणि अख्खं कव्हर बदलावं लागतं. हे आधी विचारून घ्या.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग

नवं पॅकिंग बोटांत दाबून बघा, मऊ असतं, सोडलं की लगेच फुगतं. जुनं बाहेर काढलं की पापडासारखं कडकन मोडतं आणि त्याची कड चपटी झालेली असते. उष्णतेने रबर असं होतं. मॅनिफोल्डच्या बाजूची कड सगळ्यात आधी जाते, म्हणूनच थेंब नेमका तापलेल्या जागी पडतो.

हे काम घरी करायचं की नाही, हे तुमच्या इंजिनाची मांडणी ठरवते. कव्हर मोकळं असेल, वर फक्त प्लास्टिकचं झाकण आणि दोन-चार वायरी असतील, तर सावकाश हाताने होतं. पण बऱ्याच कॉमनरेल डिझेलमध्ये (एका सामाईक पाइपातून मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या इंजिनांत) डिझेल फवारणारे इंजेक्टर कव्हरमधून आत जातात आणि डिझेलचे लोखंडी पाइप सोडल्याशिवाय कव्हर निघत नाही. त्या पाइपांत दाब १६०० बार आणि त्याहून जास्त असतो. चालू इंजिनावर नट सैल झाला तर डिझेलची धार कातडीत घुसते. जोडताना धुळीचा कण आत गेला तरी इंजेक्टर खराब होतो. अशा गाडीला घरी हात लावू नका. हे मी मजुरी मिळावी म्हणून सांगत नाही.

मोकळं कव्हर असेल तर इंजिन गार करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, काढलेल्या प्रत्येक वायरीचा आधी फोटो घ्या. बहुतेक वेळा १०ची गोटी (सॉकेट पाना) लागते. बोल्ट काढण्याआधी आजूबाजूची माती पुसा, नाहीतर ती सरळ आत पडते. कव्हर हाताने सैल होत नसेल तर स्क्रू-ड्रायव्हर खुपसू नका. अॅल्युमिनियमला एक ओरखडा पडला की तिथून कायम गळतं. जुन्या पॅकिंगचे तुकडे मोजून बाहेर काढा, दोन्ही कडा कोरड्या पुसा.

सिलिकॉन सगळीकडे लावायचं नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी, म्हणजे साधारण टायमिंग कव्हरच्या सांध्यावर आणि अर्धगोल कोपऱ्यांत, लहानसा ठिपका पुरतो. भरपूर लावलं तर आतल्या बाजूला सुटलेल्या गोळ्या तुटून चेंबरमध्ये जातात, ऑइलच्या जाळीवर बसतात आणि इंजिनाला ऑइल पोचत नाही. पॅकिंगपायी इंजिन गेलेलं मी बघितलंय.

बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. हे ६ मिलिमीटरचे बोल्ट असतात, साधारण ८ ते १२ न्यूटन-मीटर एवढंच लागतं, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. टॉर्क पाना नसेल तर कुणाकडून मागून आणा. जोर लावून आवळल्याने गळती थांबत नाही. रबर बाहेर सरकतं, कव्हर वाकतं किंवा हेडमधले आटे जातात.

टर्बोचे पाइप

टॅपेट कव्हर कोरडं आणि टर्बोपाशी ओलं असेल तर टर्बोला ऑइल नेणारा वरचा पाइप आणि खालचा परतीचा पाइप बघा. वरच्या जोडाला तांब्याचे वॉशर असतात, ते बदलले की बऱ्याच वेळा काम होतं. इंटरकूलरच्या (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पाइपात बोट फिरवल्यावर हलकासा ऑइलचा हात लागला तर घाबरू नका, तेवढा असतो. ओघळ असेल, आणि सोबत सायलेन्सरमधून निळा धूर असेल, तर टर्बोचे सील गेलेत. गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. कारण त्यापुढे डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून किल्ली बंद केली तरी पळत राहू शकतं. तसं झालंच आणि गाडी मॅन्युअल गिअरची असेल, तर उभ्या गाडीला सगळ्यात वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडून इंजिन पाडा. नाही जमलं तर माणसं घेऊन लांब व्हा.

इथून पुढे गॅरेजच

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत असेल तर मागचं ऑइल सील. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तो उतरलाच आहे तर क्लच प्लेट बघून घ्या, मजुरी एकदाच लागते. पुढचं क्रँक सील, टायमिंग कव्हर, हेड पॅकिंग, ही कामंही घरची नाहीत.

आणि या वेळी रस्त्यातच थांबा: ऑइलचा लाल दिवा लागला तर त्याच क्षणी इंजिन बंद, पुढचं गाव गाठायचं नाही. हजार किलोमीटरमध्ये लिटरभर ऑइल कमी होत असेल तर लांबचा प्रवास पुढे ढकला. बॉनेटच्या फटीतून धूर वाढतच चाललाय असं दिसलं तर सगळ्यांना उतरवा, लांब न्या, आणि बॉनेट पूर्ण उघडू नका, कारण हवा मिळाली की भडका होतो. जवळ आग विझवायचं ड्राय पावडरचं सिलिंडर असेल तर फटीतूनच मारा.

काम झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस वास येईल. मॅनिफोल्डच्या वरच्या पत्र्याखाली आणि वेष्टनात मुरलेलं जुनं ऑइल जळून जायला वेळ लागतो, तेवढ्यावरून काम फसलं असं धरू नका. पाचशे किलोमीटरनंतर पट्टी बघा आणि पुन्हा एकदा पावडर भुरभुरून त्याच घाटातून गाडी काढा. गॅरेजला दिली असेल तर जुनं पॅकिंग मागून घ्या आणि ब्रीदरची नळी साफ केली का, हे तोंडाने विचारा. नळी काढून दाखवायला सांगितली तरी चालेल, दोन मिनिटांचं काम आहे.